वाघ आडवा उभा असताना

हौशी छायाचित्रकाराला वाघ समोरून हवा असतो. नजर थेट भिडलेली, पुढचं पाऊल उचललेलं, मागचं सागाचं जंगल पार विरघळून गेलेलं. असा फोटो हाती लागला की तो मोठा करून दिवाणखान्यात लागतो, स्पर्धेला जातो, ओळखीपाळखीच्या सगळ्यांच्या मोबाइलवर पोचतो. त्याच वाघाने रस्ता ओलांडताना क्षणभर आपली कूसही दाखवलेली असते. तो आडवा, सपाट, कसलाही आव नसलेला फोटो रात्री कार्ड रिकामं करताना सगळ्यात आधी पुसला जातो. आणि हा वाघ नेमका कोणता, हे सांगायला नेमका तोच जास्त कामाचा असतो. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, इतकंच नव्हे तर एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. म्हणून गणनेच्या वेळी जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन ट्रॅप कॅमेरे लावतात. दोन्ही कुशी एकाच वेळी मिळाल्या नाहीत, तर एकच जनावर दोन म्हणून मोजलं जाण्याची भीती असते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी १९२०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी वाघांचे रात्रीचे फोटो काढायचा. तारेला पाय लागला की फ्लॅश उडायचा, अशी त्याची योजना. नोकरी जंगलखात्याची आणि फोटो हौसेचे, तेव्हा आपल्या अर्थाने तो हौशीच. पट्ट्यांवरून वाघ वेगळे ओळखता येतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढे १९९०च्या दशकात के. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत त्यावर मोजणीची शास्त्रशुद्ध पद्धत उभी केली. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो जमा झाले आणि त्यांतले ७६,६५१ वाघांचे निघाले. त्यांतला एकही स्पर्धेसाठी काढलेला नव्हता.

यवतमाळ जिल्ह्याला हा हिशेब दूरचा नाही. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे वाघांच्या मानाने आटोपशीरच. इथे वाढलेल्या तरुण नरांना जागा पुरत नाही आणि ते बाहेर पडतात. २०१९च्या सुरुवातीला रेडिओ कॉलर लावलेला इथला एक नर विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून हजाराहून अधिक किलोमीटर भटकला आणि वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. सगळ्यांच्या गळ्यात तो नसतो. मार्च २०२१मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात अनेक दशकांनी वाघ कॅमेऱ्यात आला. डिसेंबर २०२४मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातही एक वाघ असाच टिपला गेला. हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं आणि तिथे वाघाची कुणाला अपेक्षाही नव्हती. पट्टे ताडून पाहिल्यावर तोही टिपेश्वरचाच निघाला. शेकडो किलोमीटरचा हा प्रवास कुणी पाहिलेला नाही. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर तो सिद्ध झाला, आणि ते दोन्ही फोटो प्रदर्शनात लावण्याजोगे नव्हते. त्यांच्याजवळ तारीख होती, ठिकाण होतं आणि कूस होती. या लेखाचं म्हणणं एवढंच, की हौशी छायाचित्रकार एकमेकांना जे तंत्र शिकवतात त्यात ही तीनही जवळपास कधीच नसतात, आणि फोटोची खरी किंमत मात्र बरीचशी त्यांच्यावर ठरते.

शिकवतात ते तंत्र खोटं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. सागाच्या रानात पहाटेचा उजेड किती कमी असतो, हे ज्यांनी तिथे लेन्स रोखली त्यांनाच कळतं. शटर पाचशेच्या खाली उतरलं तर चालता वाघ हलतो, त्यामुळे आयएसओ सोळाशे-बत्तीसशेवर न्यावा लागतो आणि दाण्यादाण्यांचा फोटो पत्करावा लागतो. जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची, इंजिन बंद करायला सांगायचं, कारण चालू इंजिनाची थरथर सहाशेच्या लेन्समध्ये थेट दिसते. फेब्रुवारीपासून पानं झडतात आणि नजर आत दूरवर जाते. पण जमिनीवरच्या वाळल्या पाचोळ्याचा रंग आणि वाघाचा रंग जवळपास एकच, मधे काड्यांचं जाळं. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बेधडक काडी पकडतो. मग फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवायला शिकावं लागतं. मे महिन्यात ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लवलवते आणि दूरचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी मऊच येतो. त्याला इलाज नाही, जनावर जवळ येईपर्यंत थांबणं हाच काय तो. हे सगळं ज्ञान हौशी माणसं एकमेकांना मोकळ्या हाताने देतात, आणि छंदाच्या जगातली ही उदारता खरोखर कौतुकाची आहे.

पण फोटोखाली शटर, आयएसओ आणि लेन्सचं नाव छापणारा माणूस जनावर किती अंतरावर होतं ते लिहीत नाही. आजूबाजूला किती गाड्या होत्या, चौकट किती कापली, जनावर आपणहून वळलं की गाडी पुढे घेतल्यावर वळलं, हेही नाही. कॅमेऱ्याच्या आत काय झालं ते सगळं सांगायचं आणि बाहेर काय झालं ते गाळायचं, असा हा अलिखित करार आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिलांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गर्दीतल्या एखाद्या गाडीतून निघालेला फोटो नुसता फोटो म्हणून उत्तम असू शकेल. आई, मागे पिलं, सकाळचा उजेड. चौकट जरा आवळली की एकही टायर दिसणार नाही. असा फोटो प्रदर्शनात लागला, खाली फक्त शटर आणि आयएसओ लिहिलं, तर पाहणारा वाहवा करील आणि घरी जाऊन तसाच फोटो मिळवायची इच्छा धरील. त्या इच्छेपोटी पुढच्या सुट्टीत आणखी चार गाड्या वाढतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. फोटोखाली अंतर लिहायची पद्धत पडली, तर हा नियम पाळला की नाही हे निदान कागदावर तरी येईल. लोक खोटं लिहितील, असं म्हणता येईल. लिहितील काही जण. पण लेन्स आणि चौकट ठाऊक असेल तर अंतराचा अंदाज जाणकाराला येतो, आणि न सांगण्यापेक्षा खोटं सांगायला माणूस अधिक कचरतो.

फोटो कसा काढला हे फोटोचाच भाग असतं, हे जगही ठेच खाऊन शिकलं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला होता. जानेवारी २०१०मध्ये बक्षीस काढून घेण्यात आलं, कारण तो बहुधा शिकवलेला, पाळीव लांडगा असावा असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं. फोटोचा एक कणही बदललेला नव्हता. बदलला तो फक्त पाहणाऱ्याचा त्याविषयीचा समज, आणि तेवढ्याने फोटोची किंमत शून्य झाली. आपल्याकडचं उदाहरण याहून कडू आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचं नाव जोडलं गेलं ती टी-१ वाघीण, लोकांच्या तोंडची ‘अवनी’, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ गोळी घालून मारली गेली. तिच्या अंगात रुतलेला बेशुद्धीचा डार्ट दाखवणारा फोटो देशभर फिरला. बेशुद्ध करायचा प्रयत्न आधी झाला होता, याचा तो पुरावा म्हणून पुढे आला. पण डार्ट बंदुकीतून लागला की मागाहून टोचला, यावरूनच पुढे मोठा वाद झाला. फोटोत डार्ट स्पष्ट दिसतो. तो कधी आला, हे फोटो सांगत नाही. जे लोक म्हणतात की फोटोला शब्दांची गरज नसते, त्यांनी हा फोटो एकदा डोळ्यांसमोर आणावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कलेच्या बाजूचा आहे. छंद म्हणजे विरंगुळा. आठवडाभर शाळेत, बँकेत नाहीतर दवाखान्यात राबलेल्या माणसाने रविवारी कॅमेरा उचलला तर त्याच्या गळ्यात पंचनाम्याची वही का बांधायची? सहस्रकुंडाचा पावसाळी धबधबा, पोळ्याच्या दिवशी झूल घातलेले बैल, वणीच्या कोळशाच्या खाणीवरचा धुरकट सूर्य, हे फोटो कुठल्या गणनेसाठी काढलेले नसतात आणि तसे काढूही नयेत. आक्षेप रास्त आहे, आणि समोरून काढलेल्या वाघावर इथे कसला रागही नाही. पण सौंदर्य आणि नोंद यांची सोयरीक या छंदाच्या जन्मापासूनची आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात रमलेल्या पहिल्या भारतीयांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशाने वैद्य आणि हौसेने छायाचित्रकार. त्या काळात काच, रसायनं आणि उजेड यांचा हिशेब लिहून ठेवल्याशिवाय पुढचा फोटो जमतच नसे, त्यामुळे वही हाताशी असणं ही शिस्त नव्हती, गरजच होती. आज ती गरज कॅमेऱ्याने परस्पर भागवली म्हणून वही सुटली. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादकडे १९४०च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये राहून जे फोटो काढले, ते आज लंडनच्या सोआसच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासले जातात. त्यांतले कित्येक देखणे आहेत, पण नुसत्या देखणेपणावर ते इतकी वर्षं टिकले नसते. माणसं कोणत्या जमातीची, काम कसलं चाललंय, हे सोबत लिहिलेलं आहे म्हणून टिकले. यवतमाळच्या बाजूलाही कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, आणि तिथे कॅमेरा घेऊन जाणारे हौशी लोकही आहेत. त्यांच्या फोटोंखाली बहुधा ‘आदिवासी स्त्री’ एवढंच लिहिलेलं असतं. हसू छान टिपलेलं असतं, पण गावाचं नावही नसतं.

वाघापेक्षाही या म्हणण्याची कसोटी लागते ती कापसात, आणि जिल्ह्यातले बहुसंख्य हौशी छायाचित्रकार तिथेच आहेत, जरी त्यांना कुणी त्या नावाने हाक मारत नसलं तरी. कपाशीचं शेत फोटोला फार कठीण. वर पांढराशुभ्र फुटलेला कापूस, खाली काळीभोर माती. कॅमेरा जे दिसेल त्याला सरासरी करड्याकडे ओढतो, म्हणून चौकटीत कापूस जास्त आला तर तो मळकट दिसतो आणि माती जास्त आली तर कापसातला धागान् धागा उजेडात जळून नुसता पांढरा डाग उरतो. मोबाइलवर बोट ठेवून बोंडावर उजेड धरायचा आणि मग पट्टी किंचित वर सरकवायची, ही युक्ती ज्याला सापडली त्याचा कापूस कापसासारखा दिसतो. इथवर कला. आता गुलाबी बोंडअळी घ्या. २०१७च्या हंगामात तिने विदर्भातल्या कपाशीची जी दैना केली, तेव्हापासून शेतकरी, कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्रं यांच्यात अळीचे फोटो सतत फिरत असतात. ही अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून रेशमी धाग्याने बांधते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्यालाच डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर मात्र बाहेरून काही कळत नाही, कारण शिरल्याचं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. हिरव्यागार, निरोगी बोंडाचा सुंदर फोटो म्हणूनच काही सांगत नाही. ते फोडावं लागतं. आणि फोडलेल्या बोंडातली अळी अगदी जवळून, मोठी करून टिपली, तर तो फोटो घाबरवतो खरा, पण फवारणी करावी की नाही याचं उत्तर देत नाही. शिफारस अशी, की शेतातून वेगवेगळ्या ठिकाणची वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची आणि दहा टक्क्यांत, म्हणजे दोनांत, अळी सापडली तरच उपाय करायचा. तेव्हा शहाणा फोटो कोणता? पोत्यावर चार ओळींत मांडलेली वीस फोडलेली बोंडं, वरून सरळ, सावलीत, बाजूला तारीख लिहिलेली चिठ्ठी. कुठलंही बक्षीस मिळणार नाही असा हा फोटो आहे. त्यावरून एक नको असलेली फवारणी मात्र वाचू शकते.

फवारणीचा विषय निघालाच आहे, तर २०१७चीच दुसरी बाजू. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरदरम्यान जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात ठेवावं लागलं. खाटांवरच्या रुग्णांचे फोटो देशभर छापले गेले. लोकांना हादरवण्याचं काम त्यांनी केलं आणि ते आवश्यकच होतं. पण उपचार करणाऱ्याला आधी हवी असते ती बाटलीवरची चिठ्ठी: औषधाचं नाव, घटक, बॅच क्रमांक. मजूर अनेकदा मालकाने कालवून दिलेलं मिश्रण फवारतो, त्याला नाव ठाऊक नसतं, आणि बाटली बांधावर फेकलेली असते. कोणत्या औषधाने काय झालं यावरून पुढे वर्षानुवर्षं वाद चालले, आणि त्यांत ‘ते औषध वापरलं होतं कशावरून?’ हा प्रश्न कळीचा ठरला. पंपात औषध ओतण्यापूर्वी बाटलीच्या चिठ्ठीचा एक फोटो काढून ठेवायचा, ही युक्ती शिकवणारा छायाचित्रणाचा एखादा वर्ग जिल्ह्यात व्हायला हवा. त्याला लेन्स लागत नाही. गोल बाटलीवर चकाकी येते म्हणून ती उन्हाकडे जरा तिरपी धरायची, आणि अक्षरं वाचता येतात का ते तिथल्या तिथे मोठं करून पाहायचं, बस.

दुसरा आक्षेप असा, की नोंदी ठेवायला सरकार आहे. ट्रॅप कॅमेरे आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, अक्षांश-रेखांशासकट. मग हौशी माणसाची लुडबूड कशाला? पण ई-पीक पाहणी हाच या लेखाच्या बाजूचा पुरावा आहे. सातबाऱ्यावर पीक चढवण्यासाठी शासनाला पिकाचा देखणेपणा नको होता. कधी आणि कुठे, एवढंच हवं होतं, आणि लाखो शेतकरी ते देऊ शकले. ट्रॅप कॅमेऱ्यांचं म्हणाल तर ते लावले तिथे आणि लावले तेवढे दिवसच पाहतात. अभयारण्याबाहेर पडलेला वाघ तुरीच्या शेतातून जातो. फुलपाखरं, कोळी, माळरानावरचे पक्षी यांच्यासाठी कुणी ट्रॅप लावत नाही, आणि तिथे हौशी लोकांनी दिलेल्या नोंदींवर अभ्यासकांची बरीच मदार असते. अर्थात याचा अर्थ शेतात वाघ आल्याचं कळताच कॅमेरा घेऊन धावावं असा नाही. गर्दी, आरडाओरडा आणि बिथरलेलं जनावर हे समीकरण विदर्भात सगळ्यांना पाठ आहे. दुरून, सहज मिळाला तर घ्यावा, वनविभागाला द्यावा, आणि गप्प बसावं.

गप्प बसावं म्हटल्यावर तिसरा आक्षेप आपोआप येतो: ठिकाण लिहा म्हणता आणि ठिकाण फोडल्यानेच जनावरं धोक्यात येतात, त्याचं काय? हा आक्षेप बाकीच्यांहून खरा आहे. पिलं असलेली गुहा, घुबडाची ढोली, घरटं यांचा पत्ता जाहीर करणं म्हणजे शिकाऱ्याला आणि त्याहून अधिक उतावळ्या छायाचित्रकाराला आमंत्रण. पण नोंद ठेवणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईबर्डसारखी नोंदसंस्था संवेदनशील पक्ष्यांचं नेमकं ठिकाण लोकांपासून झाकते. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचा अंदाजे भागच दाखवते. माहिती अभ्यासकाकडे राहते, गर्दीला मिळत नाही. घरातही हेच करता येतं. स्वतःच्या वहीत पाणवठ्याचं नाव, प्रदर्शनात फक्त ‘टिपेश्वर, मार्च’. इथे एक तांत्रिक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलच्या फोटोत वेळ आणि, ती सोय चालू असेल तर, ठिकाणही आपोआप साठतं. व्हॉट्सअॅपवर तो साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पुढे जाते. म्हणजे घुबडाचा फोटो चुकून डॉक्युमेंट म्हणून गेला की ढोलीचा पत्ताही गेला, आणि बोंडअळीचा फोटो साधा पाठवला की कृषी केंद्राला तारीखच मिळाली नाही. आपल्याकडे नेमकं हेच घडण्याची शक्यता जास्त. कॅमेऱ्याचं घड्याळ हा आणखी एक दुर्लक्षित प्रकार. बॅटरी संपून बदलली की काही जुन्या कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते, आणि मग वर्षभराचे वाघ एकाच जानेवारीत जमा होतात.

यंत्राने घडवलेल्या खोट्या चित्रांची भर पडल्यापासून हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. समोरून चाललेला, डोळ्याला डोळा भिडवणारा वाघ आज कुणालाही घरबसल्या बनवता येतो, आणि तो टिपेश्वरच्या खऱ्या वाघापेक्षा अधिक रुबाबदार दिसेल. देखणेपणात हौशी माणूस त्या यंत्राशी स्पर्धा करू शकणार नाही, करूही नये. अमुक दिवशी, अमुक वेळी आपण तिथे होतो, हे मात्र यंत्राला म्हणता येत नाही.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत प्रदर्शनं भरतात, तिथूनच सुरुवात करायला हरकत नाही. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत मूळ, न कापलेली फाइल मागतात. गावच्या प्रदर्शनाला ते झेपणार नाही. अर्जावर चार रकाने वाढवले तरी पुष्कळ: तारीख आणि वेळ, ढोबळ ठिकाण, जनावराचं अंतर आणि आसपासच्या गाड्या, चौकट किती कापली. माणसांच्या फोटोसाठी रकाने वेगळे लागतील; गाव, चाललेलं काम, आणि फोटो लावायला त्या माणसाची हरकत नाही ना, हे. प्रवेशिका कमी येतील अशी आयोजकांना धास्ती वाटेल. पहिल्या वर्षी येतीलही. पण त्याच भिंतीवर पोत्यावरच्या वीस बोंडांना जागा ठेवली, तर आजवर प्रदर्शनाची पायरी न चढलेले शेतकरी आपापले मोबाइल घेऊन येतील, आणि रकाने भरायची सवय त्यांना ई-पीक पाहणीने आधीच लावलेली आहे.